अंबाड्याआडची तारीख

कर्जतच्या बाजारात अजूनही बायका मला थांबवून विचारतात, "ताई, उद्या पाणी येणार का हो?" बातम्या वाचायचं सोडून मला नऊ वर्षं झाली. पाण्याशी माझा संबंध तेव्हाही नव्हता. पण या तोंडातून त्यांनी सतरा वर्षं पाण्याच्या वेळा ऐकल्या आहेत, त्यामुळे मी "येईल, साडेसहाला" असं ठोकून देते आणि मेथीची जुडी घेऊन पुढे निघते. कधी कधी येतंही.

आमच्या केबलच्या चॅनेलबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा आधी मला हसू आलं. चॅनेल म्हणजे काय, तर आप्पांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि वरचा माळा. आप्पा केबलवाले. घरोघरी वायर त्यांची. मोठी चॅनेलं लावून झाल्यावर एक नंबर रिकामा उरला होता, त्यावर संध्याकाळी सात वाजता ते आमची कॅसेट लावायचे. बातम्या मी लिहायच्या, मीच वाचायच्या. शूटिंगला गणपत, जो एरवी लग्नं करायचा. त्यामुळे आमच्या बातम्यांत कुठलाही पुढारी दिसला की गणपतचा कॅमेरा आधी त्याच्या पायांपासून सुरू व्हायचा आणि सावकाश वर चढायचा, नवरीसारखा.

पळसदरीत केबल तुटली की आम्ही लोकांच्या माहितीसाठी तशी बातमी द्यायचो. ती पळसदरी सोडून सगळे पाहायचे.

आता तारखेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझे बाबा रेल्वेत गँगमन. संध्याकाळी विहारात वस्तीतली माणसं जमायची आणि बाबा त्यांना पेपर वाचून दाखवायचे. मी सातवीत गेले तेव्हा त्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. पहिल्याच दिवशी मी थेट बातमीला हात घातला, तर म्हणाले, "आधी तारीख वाच. तारीख नसेल तर त्या नुसत्या गप्पा झाल्या." वाचून संपलं की समोरच्यांना हात जोडायचे, मान खाली घालायची. एवढी माणसं तुझं ऐकून घेतात, त्यांचे आभार नकोत मानायला, असं त्यांचं म्हणणं. त्या दोन सवयी मला जन्माच्या लागल्या. आप्पांच्या माळ्यावरही मी तारखेनं सुरुवात करायचे आणि मान वाकवून संपवायचे.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. तो झाकायला आप्पांनी बाजारातल्या एका धान्यवाल्याचं कॅलेंडर लावलं होतं, रोज एक पान फाडायचं, तसलं. वर पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव आणि वर्ष ठळक अक्षरांत, खाली तारखांचा गठ्ठा. रोज वाचायला बसण्याआधी मी कालचं पान फाडायचे. रविवारी गणपतला लग्नं असायची, म्हणून रविवारच्या बातम्या आम्ही शनिवारीच उरकायचो. शनिवारच्या वाचून झाल्या की आणखी एक पान फाडायचं, साडी बदलायची आणि "नमस्कार, आज रविवार" म्हणायचं. वर्षानुवर्षं दर शनिवारी मी असं धडधडीत खोटं बोलले आणि एकालाही संशय आला नाही. नाही म्हणायला माझ्या सासूबाई. त्या रविवारी टीव्हीसमोर बसून माझ्याकडे पाहायच्या, पुन्हा टीव्हीकडे पाहायच्या आणि उठून जायच्या.

आमचे प्रतिस्पर्धी म्हणजे खोपोलीचे दिनकर मोकल. त्यांचं स्वतःचं चॅनेल होतं. खालापूरपर्यंत त्यांची वायर, तिथून आमची, आणि कुंभिवलीच्या आसपास कोणाची यावरून खांबावर चढून भांडणं. एकदा कुंभिवलीला हायवेवर एका हॉटेलाचं उद्घाटन होतं. मोकल आधी पोचले, त्यांच्यासाठी पाहुण्यांनी फीत कापली. आम्ही वीस मिनिटांनी गेलो. पाहुणे भले, त्यांनी फितीला गाठ मारून ती पुन्हा कापली. आमच्या बातमीत गाठ स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशी मोकलांनी आपल्या बातम्यांत "काही चॅनेलं जोडलेल्या फिती दाखवतात" असं ऐकवलं. मी दोन दिवस नीट जेवले नाही, इतका मला त्या माणसाचा राग होता.

मग आप्पांना पहिला अटॅक आला आणि त्यांनी वायर आणि चॅनेल पनवेलच्या एका शेठना विकलं. मालक बदलला की बातम्यांचं काय होतं, असं मला कधी कधी कॉलेजची मुलं विचारतात. त्यांना काहीतरी मोठं उत्तर हवं असतं. माझं उत्तर असं, की खुर्ची एक फूट डावीकडे सरकते.

शेठनी मुंबईहून एक सल्लागार आणला. त्यानं माळ्यावर चढून श्वास घेतला आणि कामाला लागला. खुर्ची सरकवली. मला केसांचा मोठा अंबाडा घालायला लावला, त्यानं म्हणे बोलण्याला वजन येतं. हात जोडणं बंद, कारण मान खाली घातली की भांगच दिसतो. आणि तारीख सांगायची नाही. एकच कॅसेट रात्री, सकाळी, दुपारी आणि जमलं तर परवाही लावायची होती. "ताई, तारीख सांगितली की बातमी शिळी होते," तो म्हणाला. मी म्हटलं, "अहो, नाही सांगितली तरी होतेच की." त्यानं ते वहीत लिहून घेतलं, पण फरक पडला नाही.

कॅलेंडर मात्र राहिलं, कारण डाग राहिला होता. मी रोज पान फाडत राहिले. आता ते कुणाला दिसणार नव्हतं, बरोबर त्याच्यापुढे माझा अंबाडा आला होता. तारीख बोलणं मी सोडलं. नोकरी होती, दोन पोरं शाळेत होती. पण शेवटी हात जोडून मान वाकवणं काही सुटेना. शेठचा फोन यायचा, मी "हो हो, चुकून झालं" म्हणायचे आणि उद्या पुन्हा तेच.

आता बिबट्या.

शेठच्याच काळात एका गुरुवारी मोकलांनी दाखवलं की पळसदरीच्या वरच्या अंगाला, ठाकुरवाडीकडच्या डोंगरात, बिबट्या फिरतोय. शुक्रवारी सकाळी शेठचा फोन. "त्यांच्याकडे बिबट्या आहे, आपल्याकडे का नाही?" असा जाब मला विचारला गेला. गणपत आणि मी निघालो. तिथल्या आदिवासी वस्तीला सगळे नुसतं 'वरची वाडी' म्हणतात. दीड तासाची चढण. वर बारा-पंधरा घरं, एक मोठा काळा धोंडा आणि उतारावर वरईचं शेत, कापणीला आलेलं. वरई म्हणजे आपण उपासाला भगर खातो ती.

बिबट्या नव्हता. त्याचा पंजा नव्हता, विष्ठा नव्हती, त्यानं नेलेली शेळी नव्हती. गणपत चांगला कोन शोधत शेतात शिरला, मी त्याच्यामागे माइकची वायर ओढत. तेवढ्यात एक म्हातारी धोंड्याआडून ओरडत आली. "काय रं, वरईत कशाला शिरलंस?" मी तिच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, "आजी, बिबट्या कुठे दिसला?"

म्हातारीनं शेतावरून हात फिरवला, आमच्या दोघांच्या पावलांनी आडव्या झालेल्या पट्ट्यावर बोट थांबवलं आणि म्हणाली, "बिबट्या कंचा? आमाला तुमीच दिसलं, वरई तुडवताना."

गणपत हसला. मी नाही हसले. मी संध्याकाळी माळ्यावर बसून ते वाक्य कापलं. आवाज काढून खाली ढोलाचं संगीत घातलं आणि बातमी रविवारसाठी लिहिली, "वाडीत बिबट्याची दहशत, वृद्धेनं दाखवली जागा." पडद्यावर म्हातारी हात फिरवतेय, तोंड हलतंय आणि मागे ढोल. शेठ खूश झाले. पुढचे पंधरा दिवस डोंगरात कुणी पाहुणा फिरकला नाही, वाडीच्या बायका स्टेशनबाहेर काकड्या घेऊन बसायच्या त्यांना लोक "बिबट्या होता का गं?" विचारून जायचे, घ्यायचे काहीच नाहीत. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चांगली उभी राहून पाहिलं आणि दुसऱ्या फाटकानं घरी गेले. याची मला आजही लाज वाटते.

शेठनंही काही वर्षांत चॅनेल विकलं. तिसरे मालक प्लॉटवाले. डोंगराच्या कडेकडेनं फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे, त्यांना जाहिरातीला चॅनेल हवं होतं. पुढे पुढे मी दोन मिनिटं पाण्याच्या वेळा आणि अठरा मिनिटं स्विमिंग पूल वाचत होते. माळा मोडून नवं ऑफिस झालं, तेव्हा ओलीच्या डागासकट सगळं गेलं आणि जुन्या कॅसेटी भंगारात काढल्या. मी त्या तांदळाच्या गोण्यांत भरून टेंपोनं घरी आणल्या आणि पलंगाखाली सारल्या. घरचे म्हणाले, "वाजवायचं मशीन नाही, काय करायच्यात?" मी म्हटलं, "राहू देत, जड आहेत, पलंग हलत नाही." थोड्याच दिवसांत मी काम सोडलं. तोवर लोकांनी मोबाइलवर बातम्या बघायला सुरुवात केली होती. तिकडे खोपोलीत मोकलांचंही चॅनेल बंद पडलं. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

गेल्या वर्षी एका दुपारी दाराशी एक गृहस्थ आले. साठीचे, डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "बाई, वळखलं नाय ना? मी चाहू पादीर, वरच्या वाडीचा. तुमी आलेलं ना, बिबट्याच्या टायमाला?"

मला वाटलं, वीस वर्षांनी भांडायला आले. मी आधी चहा ठेवला.

त्यांचं काम वेगळं होतं. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कसतात ती जमीन कागदावर जंगलाची. ती त्यांच्या नावे होते, असा कायदा आहे. पण कायद्यानं एक तारीख धरली आहे, त्या तारखेआधीपासून आपण ती कसत होतो हे दाखवावं लागतं. चाहूंचा दावा एकदा फेटाळला होता. शेत मागाहून काढलंय, असा शेरा. आता फेरसुनावणी होती आणि हीच शेवटची, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. प्लॉटांची तारेची कुंपणं धोंड्याच्या खालपर्यंत येऊन थांबली होती. पिशवीत होतं ते रेशनकार्ड, आईच्या मृत्यूचा दाखला आणि पोराचं शाळेचं पुस्तक. शेताचा फोटो एकही नाही.

"फोटू कोण काढतंय आमचा?" चाहू म्हणाले. "तुमीच काय ते आलेलं. आये दिसली व्हती टीवीवर, पाटलाच्या घरी आमी समद्यांनी बघितली. शेत बी व्हतं मागं. ती पट्टी हाय का?"

पट्टी असेल, पण त्या काळात मी तारीख बोलत नव्हते.

गोण्या उपसल्या. लेबलं माझ्याच हातची, त्यामुळे दोन दिवसांत कॅसेट सापडली, 'बिबट्या व इतर'. लेबलावर तारीख होती, पण लेबल काय, काल लिहिलं असंही कुणी म्हणेल. आणि व्हीसीआर कुठला आणायचा? सगळ्या कर्जतात विचारलं. शेवटी गणपत चाचरत म्हणाला, "एक चालू मशीन आहे ताई. पण मोकलांकडे."

मी वीस वर्षांत त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. चाहूंना घेऊन खोपोलीला गेले. मोकलांनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "आधी एक कबूल करा. बिबट्या पहिला कुणी दाखवला?"

"तुम्ही."

"मोठ्यानं."

"तुम्ही दाखवलात हो, मोकल!"

"या आत," ते म्हणाले. मग मशीनवरचं फडकं काढता काढता हळूच पुटपुटले, "मी तरी कुठे पाहिला होता. टेंपोवाल्यानं सांगितलं, दिला ठोकून."

कॅसेट लागली. मी पडद्यावर आले, निळ्या साडीत, डोक्यावर तो भला थोरला अंबाडा. मागे कॅलेंडरचा पुठ्ठा, धान्यवाल्याचं नाव आणि वर्ष लख्ख दिसत होतं. मोकल टाळी वाजवून म्हणाले, "झालं की काम!" झालं नव्हतं. कायद्यातली तारीख त्याच वर्षातली, पण डिसेंबरातली. नुसत्या वर्षानं भागणार नव्हतं, दिवस पाहिजे होता. आणि दिवस माझ्या अंबाड्याच्या मागे होता.

मग ढोल वाजले. म्हातारी आली. तिच्यामागे काळा धोंडा, त्याच्या खाली वरईचा उतार, घरं. तिनं हात फिरवला. चाहू पुढे सरकून जमिनीवरच बसले, पडद्याच्या अगदी जवळ. म्हातारी अकरा सेकंद होती. मोकलांनी न सांगता मागे नेऊन पुन्हा लावली, आणि पुन्हा लावली.

पुढे मी पाण्याच्या वेळा वाचू लागले. मी मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घालत होते. हल की जरा. शिंक तरी. खोकला येऊ दे. पण नाही, सल्लागारानं बजावलं होतं ना, मान ताठ! बाई ताठ. खरं सांगते, स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. एका माणसाची जमीन माझ्या केसांनी अडवली होती.

पाणी संपलं. वाढदिवसांच्या शुभेच्छा संपल्या. मग पडद्यावरच्या बाईनं कागद बाजूला ठेवले, इकडेतिकडे पाहिलं, हात जोडले आणि मान खाली घातली.

"थांबवा!" मी इतक्या जोरात ओरडले की मोकलांच्या सूनबाई बाहेर आल्या.

भांगाच्या वर, भिंतीवर, लाल पान. रविवारचं पान लाल असतं. खाली महिना, वर हाताएवढा आकडा. कायद्यातल्या तारखेच्या पाच आठवडे आधीचा रविवार. मोकलांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. चाहूंना मी आकडा वाचून दाखवला, तर त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे चालंल का, बाई?" माझे डोळे भरले होते. बाबांची आठवण झाली, दुसरं काय.

सुनावणीला मोकलांनी सगळं पेनड्राइव्हवर करून दिलं. अधिकारी तरुण होते, शांत आणि भयंकर चिवट. त्यांनी तो नमस्कार थांबवून थांबवून पाहिला. मग मला विचारलं, "ही बातमी याच दिवशी वाचली गेली, असं तुम्ही लिहून द्याल?"

चाहूंनी माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "ती आदल्या दिवशी वाचली. आम्ही रविवारचं शनिवारी उरकायचो. आणि शेताचं शूटिंग त्याच्याही आदल्या दिवसाचं, शुक्रवारचं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही प्रेक्षकांना खोटी तारीख दाखवत होता?"

"दर आठवड्याला."

"आणि बिबट्या?"

"तोही खोटा."

"मग यात खरं काय आहे, बाई?"

"शेत," मी म्हटलं. "आम्ही ते तुडवलं होतं साहेब. म्हातारी आम्हाला तेच सांगत होती, म्हणून तर मी तिचा आवाज काढला. तुम्ही नीट बघा, तिच्या बोटाच्या समोर वरई आडवी पडलेली आहे. ती आमची पावलं."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे सगळं असंच्या असं लिहून द्या." मी चार पानं लिहिली आणि वर आधी तारीख घातली. नोकरीत केलेल्या लबाड्या इतक्या सुवाच्य अक्षरात कुणी लिहून दिल्या नसतील. शेजारी मोकल साक्षीदार म्हणून सही करताना कुजबुजले, "टेंपोवाल्याचं नका घालू." मी घातलं.

दावा मंजूर झाल्याचा कागद चाहूंच्या हातात पडायला उन्हाळा उजाडला. ते कागद घेऊन आधी माझ्याकडे आले, मग आम्ही दोघं खोपोलीला गेलो. मोकल हल्ली मोबाइलवर बातम्या करतात, नातवानं दिलेल्या स्टँडवर. चारशे-पाचशे माणसं बघतात, त्यातली निम्मी त्यांच्या भावकीतली. म्हणाले, "शोभाताई, ही बातमी तुम्हीच वाचा." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

मी वाचली. आधी तारीख सांगितली, खरी. वाडीची बातमी सांगितली. मग पुढचा कागद घेतला, तो मोकलांना मी दाखवला नव्हता. आमच्या दोन्ही चॅनेलांनी उभ्या आयुष्यात कधी चूक दुरुस्त केली नव्हती.

"एक दुरुस्ती," मी वाचलं. "वरच्या वाडीत बिबट्या असल्याची बातमी आम्ही वीस वर्षांपूर्वी दिली होती. बिबट्या नव्हता. वाडीतल्या ठमीबाई पादीर यांनी तेव्हा जे सांगितलं, ते आम्ही कापलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, 'बिबट्या कंचा? आमाला तुमीच दिसलं, वरई तुडवताना.'"

मी हात जोडले आणि मान खाली घातली. वर पाहिलं तर मोबाइलच्या मागे उभे असलेले चाहू टॉवेलनं डोळे पुसत हसत होते.

"आसंच बोलायची," ते म्हणाले. "वीस वरसं आमी समदे धरून बसलेलो, का आयेनं टीवीवर खोटं सांगितलं म्हनून. मेली तवा बी ती सांगत व्हती, मी नाय तसं बोलली रं."